वेळ अमावस्या

वेळ अमावस्या हा मराठवाड्याच्या दक्षिण भागात मार्गशीर्ष महिन्याच्या अमावस्येला साजरा होणारा कृषिसण आहे. बोलीभाषेत त्याला येळवस किंवा येळ अमावस्या म्हणतात. लातूर आणि धाराशिव हे जिल्हे या सणाचे मुख्य क्षेत्र. नांदेड जिल्ह्याचा लातूरला लागून असलेला पट्टा, बीड व सोलापूर जिल्ह्यांचा काही भाग आणि सीमेपलीकडील बीदर, कलबुर्गी या कर्नाटकातील जिल्ह्यांतही तो पाळला जातो. या दिवशी शेतकरी कुटुंबे सूर्योदयानंतर घर सोडून आपल्या शेतात जातात, कडब्याच्या कोपीत लक्ष्मी व पाच पांडवांची पूजा करतात, उभ्या पिकावर आंबील शिंपडतात, आप्तेष्टांसह वनभोजन करतात आणि अंधार पडताना पेटती पेंढी घेऊन शेताला फेरी घालतात. पोळा, दसरा, दिवाळी हे सण महाराष्ट्रभर आहेत. वेळ अमावस्या मात्र या प्रदेशाची स्वतःची आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला तिचे नावही बहुधा ठाऊक नसते आणि लातूरच्या माणसाला ती दिवाळीहून मोठी वाटते.

नाव

सणाच्या नावातील 'वेळ' या शब्दाचा काळ किंवा समय या अर्थाशी संबंध दिसत नाही. पूजेला विशिष्ट मुहूर्त नाही आणि विधीला घटिका-पळांचे बंधनही नाही. नावाचा उगम कन्नड भाषेत शोधावा लागतो. उत्तर कर्नाटकात हाच सण 'एळ्ळ अमावास्ये' या नावाने होतो. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. या दिवशीच्या जेवणात तिळाची पोळी असते आणि अमावस्येच्या तिलतर्पणाशीही त्या नावाचा संबंध जोडला जातो. दुसरे स्पष्टीकरण 'एळु' म्हणजे सात या कन्नड शब्दावर आधारलेले आहे. पावसाळा ज्येष्ठात सुरू होतो असे धरून ज्येष्ठाची अमावस्या पहिली मोजली, तर मार्गशीर्षाची सातवी येते. हे गणित अधिक मास मध्ये आला की चुकते, त्यामुळे तिळाचे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

'एळ्ळ'चे 'येळ' होणे स्वाभाविक होते. मराठवाड्याच्या बोलीत 'वेळ' या शब्दाचा उच्चार 'येळ' असाच होतो; 'वेस'ची 'येस' आणि 'वेल'चा 'येल' होतो. त्यामुळे 'येळ अमावस्या' हे नाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्याला ते गावंढळ वाटले असावे आणि त्याने ते 'शुद्ध' करून 'वेळ अमावस्या' केले असावे. अशा प्रकारे कन्नड तीळ मराठी काळात बदलला. खंडोबाच्या जयघोषातील 'येळकोट' हा शब्दही कन्नड 'एळु कोटी', म्हणजे सात कोटी, यावरून आल्याचे मानले जाते. पण त्याचे 'वेळकोट' करण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. देवाच्या नावाला हात लावताना शुद्धलेखनाचा उत्साह थोडा कमी होत असावा.

काळ

वेळ अमावस्या चांद्र तिथीवर अवलंबून असल्यामुळे इंग्रजी दिनदर्शिकेत तिची तारीख दरवर्षी बदलते. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक मासाच्या वर्षी सुमारे एकोणीस दिवस पुढे जातो. २०२२ मध्ये तो २३ डिसेंबरला होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पुढचा सण ११ जानेवारी २०२४ रोजी पडला, म्हणजे २०२३ या इंग्रजी वर्षात वेळ अमावस्या आलीच नाही. ती उणीव २०२४ ने भरून काढली, कारण त्याच वर्षी ३० डिसेंबरला ती पुन्हा आली. २०२५ मध्ये ती १९ डिसेंबरला होती. साधारणपणे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या महिन्याभरात हा सण फिरत राहतो.

हा महिना उत्तरायणाच्या आरंभाचा, वर्षातील सर्वांत लहान दिवसांचा आहे. लातूरच्या अक्षांशावर त्या वेळी दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. तरीही सणाच्या विधीत सूर्याचा उल्लेख नाही. सणाचे खरे घड्याळ पिकात आहे. रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये पेरली जाते. मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास ती पोटरीत येते किंवा निसवू लागते. कणीस पानांच्या आवरणात असताना ताटाचा वरचा भाग फुगतो, त्या अवस्थेला पोटरी म्हणतात. हरभरा फुलात असतो किंवा घाटे धरू लागतो, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात आणि गहू हिरवा असतो. पेरणी-कोळपणीचा ताण संपलेला आणि काढणीचा अजून सुरू न झालेला, असा हा मधला मोकळा काळ आहे.

एरवी अमावस्या अशुभ मानली जाते. नवे काम तिच्यावर सुरू करत नाहीत. शेतकऱ्याच्या घरी मात्र अमावस्येला बैल न जुंपण्याची जुनी रीत आहे. ती बैलांच्या आणि पर्यायाने माणसांच्या विश्रांतीची तिथी आहे. शेतीचा मोठा सण अमावस्येला का, या प्रश्नाचे एक साधे उत्तर त्या रीतीत मिळते. पोळाही अमावस्येलाच येतो.

प्रदेश आणि त्याचा इतिहास

ज्या भूभागात हा सण घट्ट रुजलेला आहे, तो मराठी आणि कन्नड या दोन भाषांचा सांधा आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ अशा लट्टलूर नगराचे अधिपती, म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे मानले जाते. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटकालीन नगर. याच राजघराण्याच्या आश्रयाने कन्नड साहित्याचा आरंभीचा काळ घडला. पुढे हा सारा मुलूख बहमनी, बरीदशाही आणि नंतर निजामाच्या अमलाखाली राहिला. औसा आणि उदगीर येथील भुईकोट किल्ले त्या काळाची साक्ष देतात. उदगीरजवळ १७६० मध्ये मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मराठी भागात आले आणि १९८२ मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा झाल्यावर त्यात समाविष्ट झाले. राज्यांची सीमा बदलली, सणाची बदलली नाही. आजही निलंगा आणि देवणी परिसरातील सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकाच दिवशी कोपी उभ्या राहतात.

याउलट नांदेड शहरात आणि जिल्ह्याच्या उत्तर भागात सणाचा जोर झपाट्याने कमी होतो. छत्रपती संभाजीनगर व जालन्याकडे तो जवळजवळ नाही. मराठवाडा हा एकच सांस्कृतिक प्रदेश आहे असे समजणाऱ्याने येळवशीचा नकाशा पाहिला पाहिजे.

भज्जी आणि आंबील

सणाची तयारी आदल्या दिवशी, कित्येक घरी त्याच्याही आदल्या दिवशी सुरू होते आणि ती संपूर्णपणे स्त्रियांच्या हाती असते. मुख्य पदार्थ दोन: भज्जी आणि आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. शेतात आणि बाजारात त्या वेळी मिळणाऱ्या सर्व ताज्या भाज्या व शेंगांचे ते मिश्रण असते. तुरीचे ओले दाणे, हिरवा हरभरा, पावटा, वाटाणा, भुईमुगाचे दाणे, गाजर, वांगी, मेथी, चुका, कांद्याची पात, हिरवी मिरची, आले-लसूण असे हाताला लागेल ते निवडून, शिजवून, बेसनाने ते दाट करतात. आंबटपणासाठी चिंच, ताक किंवा चुका वापरतात. कोणत्या घरात किती प्रकारच्या भाज्या पडल्या याची चर्चा दुसऱ्या दिवशी हमखास होते. पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर डाळीची प्रथिने आणि पालेभाज्यांचे क्षार एका भांड्यात आणणारा असा पदार्थ महाराष्ट्राच्या पाककृतींत क्वचितच सापडेल.

आंबील ज्वारीच्या पिठाची. पीठ ताकात किंवा पाण्यात भिजवून आंबवतात, शिजवतात, थंड झाल्यावर ताक, वाटलेला लसूण, कोथिंबीर, मीठ घालून सारखे करतात. ती मातीच्या मडक्यात ठेवतात. रात्रभर मडक्यात मुरलेल्या आंबिलीची चव धातूच्या भांड्यातील आंबिलीला येत नाही, असे जुनी माणसे सांगतात. मातीचे सच्छिद्र भांडे आतील पदार्थ थंड ठेवते, त्यामुळे या सांगण्याला आधार आहे.

यांखेरीज ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, तीळ-शेंगदाण्याची पोळी, धपाटे, वांग्याचे भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि गुळातील गव्हाची खीर असा बेत असतो. कुटुंब पाच माणसांचे असले तरी स्वयंपाक पंचवीस जणांचा होतो, कारण पाहुण्यांची संख्या आधी कधीच कळत नाही. सणाचे वर्णन करणारे लेख बहुधा शेतातील जेवणापासून सुरू होतात. पहाटे दोन-तीनला पेटलेली चूल त्यांच्यात येत नाही, ही त्यांतील मोठी उणीव आहे.

कोप आणि पूजा

शेतात योग्य जागा पाहून, बहुधा विहिरीजवळ, झाडाखाली किंवा ज्वारीच्या पिकालगत, कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या करतात आणि वरच्या टोकाला बांधतात. या शंकूसारख्या झोपडीला कोप किंवा कोपी म्हणतात. प्रवेशासाठी एक बाजू मोकळी ठेवतात. आत जमीन सारवून किंवा पाणी शिंपडून पाच दगड मांडतात, त्यांना चुन्याने रंगवून हळदकुंकू लावतात. हे पाच पांडव. त्यांच्याबरोबर लक्ष्मीची स्थापना होते. ही लक्ष्मी कमळावर बसलेली धनदेवता नसून शेताची, मातीची लक्ष्मी आहे. तिची ओटी भरतात. नैवेद्यात भज्जी, आंबील, उंडे, खीर असे सर्व काही थोडे थोडे ठेवतात.

पाच दगडांना पांडवांचे नाव कधी मिळाले हे ठरवणे अवघड आहे. शेताच्या बांधावर दगड मांडून त्यांना पुजण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. कोठे त्यांना म्हसोबा म्हणतात, कोठे आसरा. वनवासी पांडव आपल्या रानात येऊन गेले, ही कल्पनाही देशभर अनेक डोंगर-लेण्यांना चिकटलेली आहे. येथे त्या दोन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात. पूजेला पुरोहित लागत नाही, मंत्र लागत नाहीत. घरातील कर्ता पुरुष आणि गृहिणी ती करतात. लिंगायत, मराठा, धनगर, दलित, माळी अशा सर्व समाजांतील शेतकरी ती जवळजवळ एकाच पद्धतीने करतात आणि अनेक गावांत मुसलमान शेतकऱ्यांच्या रानातही त्या दिवशी पंगती बसतात.

चर शिंपणे

पूजेनंतर घरातील मंडळी कोपीभोवती फेऱ्या घालतात. त्यानंतर एक जण आंबिलीचे भांडे घेऊन शेताच्या कडेने निघतो आणि पानाच्या किंवा डहाळीच्या साहाय्याने उभ्या पिकावर आंबील शिंपडत जातो. भज्जी-उंड्यांचा घासही चारी दिशांना टाकला जातो. मागून चालणारे ठरावीक लयीत पुकारा करतात. या पुकाऱ्यातील काही शब्द आज मराठीत अर्थ लागत नाहीत असे आहेत. त्यांचे मूळही बहुधा कन्नडमध्ये असावे. या विधीला चर शिंपणे म्हणतात. कर्नाटकात त्याचे नाव 'चरग' असे आहे.

विधीचा आशय स्पष्ट आहे. पोटरीत आलेले पीक म्हणजे गर्भार भूमी, आणि गर्भारशीला सातव्या महिन्यात आंबट-गोड खाऊ घालून डोहाळे पुरवतात, तसे हे जमिनीचे डोहाळजेवण. आंबटपणाला जेवणात एवढे महत्त्व का, याचाही उलगडा यातून होतो. लोकविधीत उपमा शब्दांत राहत नाही, ती हातांनी केली जाते.

दिवसभर

दुपारी पंगती बसतात. आपल्या शेतातील जेवण झाल्यावर शेजाऱ्याच्या शेतात जायचे, तेथे दोन घास खायचे, मग पुढच्या कोपीकडे वळायचे, अशी रीत आहे. निमंत्रण लागत नाही. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून बसवतात आणि त्याने नाही म्हणणे असभ्य समजले जाते. मुले झाडांना झोके बांधतात, पतंग उडवतात, हरभऱ्याचे डहाळे आणि बोरे खातात. वर्षभर ज्यांच्यात बांधावरून वाद असतो तेही त्या दिवशी एकमेकांच्या कोपीवर जातात. निदान जाण्याची अपेक्षा असते.

लातूर शहरातील त्या दिवसाचे दृश्य प्रसिद्ध आहे. बाजारपेठ बंद, रस्ते ओस, आणि सकाळी शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर दुचाकी, जीप, ट्रॅक्टर व टेम्पोंची रांग. वृत्तपत्रे या स्थितीला दरवर्षी 'अघोषित संचारबंदी' म्हणतात. जिल्हाधिकारी आपल्या अधिकारातील स्थानिक सुट्ट्यांपैकी एक या दिवसासाठी राखून ठेवतात, त्यामुळे शाळा व शासकीय कार्यालये बंद असतात. ज्यांची शेती नाही असे नोकरदार आणि व्यापारी मित्रांच्या शेतात जातात.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. वेळ अमावस्या हा सर्वांचा सण असला तरी त्याच्या केंद्रस्थानी स्वतःची जमीन आहे. कोप उभी करायला रान लागते. सालगडी आणि शेतमजूर त्या दिवशी मालकाच्या कोपीवर जेवतात, त्यांना आदराने वाढलेही जाते, पण ते दुसऱ्याच्या रानातील पाहुणे असतात. ज्या पिकावर चर शिंपला जातो ते बहुतेक वेळा त्यांच्याच हातांनी पेरलेले व राखलेले असते.

हेंडगा

सूर्यास्ताच्या सुमारास सणाचा दुसरा भाग सुरू होतो. काही ठिकाणी कोपीसमोर मातीच्या भांड्यात दूध तापवून ते उतू जाऊ देतात आणि कोणत्या दिशेला उतू गेले यावरून पुढील हंगामाचा अंदाज बांधतात. अंधार पडू लागला की कडब्याची किंवा वाळलेल्या गवताची पेंढी पेटवतात. तिला हेंडगा म्हणतात. घरातील तरुण मुले पेटता हेंडगा घेऊन, मोठ्याने पुकारा करत, पिकाच्या कडेने धावतात. अमावस्येच्या काळोखात मैलोगणती पसरलेल्या सपाट काळ्या रानात अशा ज्योती एकाच वेळी फिरताना दिसतात. शेतावरील रोगराई व इडापिडा जाळणे हा त्याचा सांगितला जाणारा हेतू. हेंडगा विझला की आवराआवर होते आणि बैलगाड्या, आता मुख्यतः मोटारी, गावाकडे वळतात.

माळेगावची यात्रा

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात असलेल्या माळेगाव येथील खंडोबाची यात्रा याच तिथीला जोडून, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार आणि तमाशाचे फड यांसाठी ती दूरवर ओळखली जाते. नांदेड–लातूर मार्गावरील गावांत यात्रा आणि येळवस हे दोन्ही एका श्वासात उच्चारले जातात. शेतात कोपी, माळेगावात तंबू, अशी या आठवड्याची विभागणी असते.

डेन्मार्कमधील मध्यग्रीष्म

ऋतूच्या वळणावर घराबाहेर पडून, एकत्र जेवून, रात्री अग्नी पेटवण्याची प्रथा इतर देशांतही आहे. डेन्मार्कमधील 'सांक्त हान्स आफ्तेन', म्हणजे संत योहानाच्या जन्मदिनाची पूर्वसंध्या, हा त्यातील एक ठळक सण. तो २३ जूनच्या संध्याकाळी, वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसांच्या सुमारास येतो. तेथे त्या वेळी दिवस सुमारे साडेसतरा तासांचा असतो. समुद्रकिनारी, तळ्याकाठी आणि नगरांच्या चौकांत लाकडांची मोठी होळी पेटवतात, कोणी मान्यवर भाषण करतो आणि जमलेले लोक होल्गर द्राखमन या कवीने १८८५ च्या एका नाटकासाठी लिहिलेले मध्यग्रीष्माचे गीत म्हणतात. स्कागेन येथील अशाच किनाऱ्यावरच्या होळीचे पी. एस. क्रॉयर यांनी १९०६ मध्ये रंगवलेले चित्र विख्यात आहे. २४ जून हा दिवस १७७० पर्यंत तेथे अधिकृत सुट्टीचा होता. त्या वर्षीच्या सुधारणांत सुट्टी रद्द झाली, पण आदल्या संध्याकाळची होळी टिकून राहिली.

होळीवर चेटकिणीची बाहुली ठेवण्याची प्रथा मात्र जुनी नाही; ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी पसरली. बाहुली जळते तेव्हा चेटकीण जर्मनीतील ब्लोक्सबियर्ग डोंगराकडे उडून जाते, असे मुलांना सांगतात. डेन्मार्कच्या सर्वांत जुन्या नगरात, रीबेमध्ये, १६४१ साली मारेन स्प्लिड या स्त्रीला चेटकीण ठरवून खरोखरच जाळण्यात आले होते, आणि अशा अनेक स्त्रिया त्या काळात बळी पडल्या. त्यामुळे बाहुली जाळावी की नाही यावर तेथे दरवर्षी वाद होतो.

दोन्ही सणांतील अग्नीचे साम्य पाहून त्यांचे मूळ एक असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. डेन्मार्कचा सण सौर तारखेला बांधलेला, सार्वजनिक जागेवरचा आणि मध्यग्रीष्माचा आहे. येळवस चांद्र तिथीची, हिवाळ्यातील आणि प्रत्येक कुटुंबाच्या स्वतःच्या रानातील आहे. तेथे अग्नी एका जागी असतो आणि माणसे त्याभोवती जमतात; येथे अग्नी हातात घेऊन माणसे पिकाभोवती धावतात. हेंडग्यात कोणाचीही प्रतिमा जाळली जात नाही.

बदलती शेती आणि सण

वेळ अमावस्येचे सारे साहित्य रब्बी ज्वारीतून येते. आंबील तिच्या पिठाची, कोप तिच्या कडब्याची, हेंडगा तिच्या पेंढीचा आणि चर शिंपायचा तोही तिच्या पोटरीवर. मालदांडीसारख्या वाणांचा उंच, गोड कडबा जनावरांचे वर्षभराचे वैरण असे. गेल्या काही दशकांत लातूर परिसरात खरिपात सोयाबीन आणि त्याच्यामागून रब्बीत हरभरा ही जोडी प्रबळ झाली, पाणी असलेल्या भागात ऊस वाढला आणि ज्वारीचे क्षेत्र आकसत गेले. ज्वारीची काढणी कष्टाची, मजूर महाग, पाखरांची राखण करायला माणूस नाही आणि बाजारात सोयाबीनचे पैसे रोख मिळतात. शेतकऱ्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. बैल कमी झाले तशी कडब्याची गरजही कमी झाली. परिणामी अनेक शेतांत आता कोप उसाच्या पाचटाची, तुरीच्या काड्यांची किंवा बांबूवर साडी ताणून केलेली असते. कडब्याच्या पाच पेंढ्या शेजारच्या गावाहून विकत आणणारी कुटुंबेही आहेत.

पीकबदलाचा परिणाम विधीच्या अर्थावरही झाला आहे. हरभऱ्याला पोटरी नसते. त्याच्यावर आंबील शिंपडली जाते, पण गर्भार पिकाचे डोहाळजेवण ही कल्पना तेथे लागू करता येत नाही आणि त्यामुळे नव्या पिढीला या विधीचा अर्थ विचारला तर 'पूर्वीपासून करतात' एवढेच उत्तर मिळते.

पावसाचा लहरीपणा ही या प्रदेशाची जुनी व्यथा. २०१५ च्या अपुऱ्या पावसानंतर एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी रब्बीची पेरणीच साधत नाही, आणि ज्या शेतात पीक नाही तेथेही कोप उभी करून पूजा करण्याचा प्रघात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनी जेथे होत्या तेथेच राहिल्या. त्यामुळे काही पुनर्वसित गावांतील लोकांना येळवशीला जुन्या गावठाणाच्या बाजूने, पडझड झालेल्या भिंतींजवळून आपल्या रानाकडे जावे लागते.

वाटण्यांमुळे शेतांचे तुकडे झाले आहेत. पूर्वी एका कोपीवर जमणारी भावकी आता चार कोपींवर विभागली जाते. काही कुटुंबांनी मात्र सातबारा वेगळे झाल्यावरही कोप एकच ठेवली आहे आणि ती दरवर्षी आळीपाळीने एकेका भावाच्या रानात घातली जाते. शिक्षण आणि नोकरीसाठी पुणे, मुंबई, हैदराबाद येथे गेलेले लातूरकर सुट्टी काढून या दिवसासाठी गावी येतात. ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी निदान भज्जी व आंबील होते. शहरातील सदनिकेत चर शिंपायला जागा नसते, म्हणून काही गृहिणी गच्चीतील कुंड्यांवर चमचाभर आंबील शिंपडतात.